एकोणशंभर का नाही? एका लॅब टेक्निशियनच्या शिक्षिका होण्याचं प्रकरण

हे प्रकरण का लिहिलं

नागपुरातल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवते. दर वर्षी नवी तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडून एक पान लिहून घेते: मला शिक्षक का व्हायचंय? बहुतेक पानांवर शाळेतले एक आवडते सर किंवा बाई असतात, लहान मुलांची आवड असते आणि शेवटच्या चार ओळींत देश घडवायचा असतो. पानं खोटी नसतात. पण ती वाचून पुढे वर्गात कोण टिकेल, हे मला इतक्या वर्षांत एकदाही नीट ओळखता आलेलं नाही.

खाली जिची गोष्ट आहे तिने या पानावर चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात कुठल्याही सरांचं नाव नव्हतं. तिला इथे रेवा म्हणते. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. या प्रकरणात मी नुसती पाहणारी नव्हते. मी सल्ला दिला होता, आणि त्यातला एक चुकला. तेही खाली येईलच.

पार्श्वभूमी

२०२१ मध्ये रेवा सव्वीस वर्षांची होती. बी.एस्सी. आणि वर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनची पदविका. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं नोकरी. धंतोली म्हणजे नागपूरचा दवाखान्यांचा मोहल्ला. सकाळी साडेसहापासून उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागते. साडेनऊपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. हातात पगार अठरा हजार, तोही वेळेवर. घर मानेवाड्याला. वडील नाहीत. आई आणि कॉलेजात शिकणारा भाऊ.

आईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. आई स्वतः डी.एड. झालेली. एका विनाअनुदानित शाळेत तिने अकरा वर्षं शिकवलं. राज्यात २००१ नंतर शाळांना परवानगी मिळू लागली ती 'कायम विनाअनुदानित' या शिक्क्यासह. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द निघाला, तेव्हा हजारो शिक्षकांना वाटलं की आता अनुदान येणार. ते यायचं तेव्हा टप्प्याटप्प्याने आलं. आईच्या शाळेपर्यंत ती तिथे असेतो पोहोचलंच नाही. रजिस्टरवर सही एका आकड्यासमोर व्हायची, हातात वेगळाच आकडा पडायचा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की नागपुरात मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमजवळच्या धरण्याच्या मंडपात आई दोन हिवाळे बसली होती. शाळकरी रेवा संध्याकाळी डबा घेऊन तिथे जायची. मग एके दिवशी आईने शाळा सोडली आणि पोळी-भाजीचे डबे सुरू केले. त्यानंतर घरात शाळेचा विषय निघत नसे.

घडलं ते असं

२०२१ चा ऑक्टोबर. कोरोनात बंद पडलेल्या मोठ्या मुलांच्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, शहरातली प्राथमिक शाळा अजून बंदच होती. लॅबमध्ये सफाईला येणाऱ्या मावशी इमामवाड्यातून पायी यायच्या आणि तिसरीतल्या मुलीला सोबत आणायच्या; घरी ठेवायचं कोणाजवळ? मुलगी रिसेप्शनच्या बाजूला बाकावर वही घेऊन बसायची. तिने स्वतःसाठी एक खेळ शोधला होता. टोकन नंबर पुकारला की तो वहीत लिहायचा आणि उठलेल्या माणसाच्या हातातल्या चिठ्ठीशी ताडून पाहायचा.

त्या दिवशी पुकारा झाला, "एकोणपन्नास". पोरीने लिहिलं ५९. चिठ्ठीवर होतं ४९. पोरीने रागारागाने खोडलं. रेवा ट्यूबवर नाव लिहीत होती, तिने सहज विचारलं, "एकोणसाठ काहून लिहिलं गं?"

"एकोण म्हणजे नऊ राहते नं ताई. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. सगळ्याच्या मांगं नऊच हाये. मंग हा पन्नासातला नऊ."

रेवाने मला हे सांगितलं तेव्हा हाताने दाखवत होती: एका हातात जांभळ्या झाकणाची ट्यूब, दुसऱ्यात पेन, समोर बाही वर करून बसलेला पेशंट आणि तिला हलताच येईना. कारण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. निष्कर्ष चुकीचा होता, पण तो काढायची रीत पक्की होती. उदाहरणं गोळा केली, नियम शोधला, नव्या ठिकाणी लावला. शास्त्रात याहून वेगळं काय करतात?

पेशंट आटोपल्यावर तिने पोरीला सांगितलं की एकोण म्हणजे एक कमी. पन्नासला एक कमी म्हणून एकोणपन्नास. पोरीने बोटांवर काहीतरी केलं, पटलं, आणि लगेच विचारलं, "मंग शंभरच्या आधी एकोणशंभर काहून नाही?"

रेवाला उत्तर आलं नाही.

घरी जाऊन तिने हे आईला सांगितलं. आईने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "नव्व्याण्णव संस्कृतातल्या नवनवतिवरून आलंय, म्हणून तिथे एकोण नाही." मग म्हणाली, खरा गोंधळ याहून आधी सुरू होतो. पंचवीस म्हणताना पाच आधी तोंडात येतो आणि वीस नंतर, म्हणून पोरं ५२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा लोक हसले, पण ज्यांनी दुसरी शिकवलीय ते हसले नाहीत, असं तिचं म्हणणं. तिथून गाडी अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांवर गेली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तोही तिला येत होता. डब्याची कणिक तशीच राहिली.

ज्या घरात शाळेचं नाव निघत नव्हतं, तिथे आई रात्री उशिरापर्यंत बोलत होती. तेव्हा आपल्याला ते विशेष वाटलं नाही, असं रेवा म्हणते. मला मात्र हे प्रकरण पुन्हा पुन्हा त्या स्वयंपाकघराशीच नेतं.

नेमकी अडचण काय होती

मार्च २०२२ मध्ये रेवा माझ्याकडे आली. तिची एक मैत्रीण माझी विद्यार्थिनी होती. एव्हाना पाच महिने ती मावशींच्या मुलीला आणि तिच्या वस्तीतल्या आणखी चार पोट्ट्यांना रविवारी शिकवत होती. मी विचारलं, शिक्षक का व्हायचंय? ती म्हणाली, "माहीत नाही. चुका पाहायला आवडतात."

मी जरा चमकलेच. चुका पाहायला आवडणारे शिक्षक आपण सगळ्यांनी भोगलेत. मग तिने लॅबमधलं उदाहरण दिलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम एकदम जास्त आलं तर ती आधी पेशंटला घाबरवत नाही. रक्त काढताना पेशी फुटल्या का ते पाहते, कारण फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा चढतो. आकडा चुकलेला असतो, पण तो का चुकला ते नीट विचारलं तर उत्तर मिळतं. "पोरांचंही तसंच आहे मॅडम. चूक काहीतरी सांगत असते."

इतकं चांगलं वाक्य ऐकलं की माझ्यासारख्या लोकांचा तोल जातो. मी तेव्हाच तिला मनातल्या मनात पास करून टाकलं होतं, आणि पुढच्या चुकीचं मूळ तिथेच आहे.

तिच्यापुढे प्रश्न होते ते असे. ही ओढ पाच मुलांपुरती आहे की चाळीस मुलांच्या वर्गातही राहील? पगाराचं काय? त्या वेळी प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, पहिली तीन वर्षं महिन्याला ६,००० रुपये मानधन होतं. २०२३ च्या सुरुवातीपासून ते १६,००० झालं, पण मार्च २०२२ मध्ये समोर सहाच होते. तेही नेमणूक झाली तर. आणि आई. आईने ऐकल्याबरोबर एवढंच म्हटलं, "माझ्याकडे पाहूनही अक्कल येत नाही का तुला?"

समोरचे पर्याय

लॅब चालू ठेवून रविवारचा वर्ग वाढवायचा, हा सर्वात स्वस्त पर्याय. आईला हाच मान्य होता. रेवाला पटत नव्हतं. आठवड्यातून एकदा भेटलं की सोमवार ते शनिवार मुलांच्या डोक्यात काय झालं ते कळत नाही, असं ती म्हणायची.

एखाद्या खाजगी इंग्रजी शाळेत थेट लागायचं, हा दुसरा. बी.एस्सी.वर अशा जागा मिळतात. पगार सात-आठ हजार, उन्हाळ्याचे दोन महिने कोरडे. हा आम्ही दोघींनी पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

मध्येच तिच्या डोक्यात सेवाग्राम आलं. १९३७ साली वर्ध्याला परिषद भरली आणि गांधींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या पद्धतीची, मांडणी झाली. त्याच परिसरात आज आनंद निकेतन ही शाळा चालते. रेवा एका रविवारी बसने जाऊनही आली, आणि रविवार असल्याने बंद शाळा बघून परतली. आई आणि भावाला सोडून तिकडे राहायला जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे तो विचार तिथेच थांबला.

उरले दोन खरे पर्याय, डी.एल.एड. किंवा बी.एड. दोन्ही दोन वर्षांचे. डी.एल.एड. म्हणजे जुनं डी.एड., बारावीनंतरचं, त्यावर पहिली ते पाचवी शिकवता येतं. रेवाला ओढ होती ती तिसरी-चौथीच्या मुलांची, म्हणजे सरळ हिशेबाने तिने हेच करायला हवं होतं. पण पदवी घेतल्यावर पुन्हा अठरा वर्षांच्या मुलींसोबत बारावीनंतरच्या कोर्सला बसायचं? तिला त्याची लाज वाटत होती. स्पष्ट बोलली नाही, पण कळत होतं. शिवाय मलाही बी.एड. बरं वाटत होतं. सहावी ते आठवी, नववी-दहावी, सगळी दारं उघडी. आणि शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या एनसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवलं होतं. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केला की झालं.

मी तिला सांगितलं, बी.एड. कर, लहान वर्गही मिळेल आणि मोठाही.

जे सांगितलं नाही ते असं. नोव्हेंबर २०२१ मध्येच राजस्थान उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली होती आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मला हे माहीत होतं. पण तो दूरच्या राज्याचा खटला वाटला, आणि माझ्या डोक्यात तिचं पोटॅशियमचं वाक्य घोळत होतं.

काय केलं

एक गोष्ट मात्र बरी केली. प्रवेशाआधी सहा आठवडे खऱ्या वर्गात काढायला लावले.

विदर्भात शाळा बाकी राज्याच्या नंतर, जून संपता संपता उघडतात. त्याआधी ऊन पोरांना घराबाहेर पडू देत नाही. रेवाने लॅबच्या डॉक्टरांकडून दुपारची पाळी मागून घेतली. माझ्या ओळखीने एका सरकारी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तिला सकाळी बसू दिलं. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मिळून अडतीस मुलं, बाई एक. मी अट एवढीच घातली की रोज फक्त तीन ओळी लिहायच्या: कोणाची चूक, काय चूक, ती का झाली असेल.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी वाचून मजा वाटली. एका मुलाने २७ आणि १५ ची बेरीज ३१२ केली होती. सात आणि पाच बारा, खाली बारा. दोन आणि एक तीन, त्याच्या बाजूला तीन. हातचा कुठे जातो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा शाळा मोबाइलवर होती आणि मोबाइल वडिलांसोबत कामावर.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना प्रशिक्षणाला जावं लागलं आणि अडतीस मुलं दोन तास रेवाच्या अंगावर पडली. त्या दुपारी तिने लॅबच्या जिन्यातून फोन केला. आवाज बसलेला. "मी ओरडले मॅडम. त्या हातच्याच्या पोराला ओरडले. चार दिवस समजावून आज पुन्हा ३१२ लिहिलं त्याने. मला नाही जमणार."

मी म्हणाले, होईल सवय. आता ते उत्तर आठवलं की ओशाळायला होतं. तिला सवय नको होती. ओरडायची सवय झालेले शिक्षक तिने पाहिले होतेच. तिला विचारायला हवं होतं की ओरडण्याच्या आधीच्या मिनिटाला वर्गात काय चाललं होतं. हे ती स्वतःच दोन दिवसांनी वहीत लिहून मोकळी झाली: खिचडीची वेळ होत आली होती, वास खोलीत येत होता, आणि मी नवीन उदाहरण फळ्यावर टाकलं.

ती परत गेली. का गेली याचं उत्तर मी त्या वहीत शोधलं. सहा आठवड्यांत एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यातल्या स्वतःला काय वाटलं याबद्दलच्या चार, बाकी सगळ्या मुलांच्या डोक्यात काय चाललं असेल याबद्दलच्या. अशा वह्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. बहुतेकांत पहिला आठवडा 'मुलं किती गोड' असतो आणि तिसरा 'मुलं ऐकतच नाहीत'. मधे मुलं दिसतच नाहीत, लिहिणारा दिसतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक गोष्ट मांडली होती, जी मी वर्गात दर वर्षी सांगते. शाळा संपेपर्यंत प्रत्येक जण सुमारे १३,००० तास शिक्षकांना जवळून पाहतो, त्यामुळे शिकवणं आपल्याला आधीच कळलंय असं प्रत्येकाला वाटतं. पण तो फळ्यासमोर दिसणारा अर्धाच भाग असतो. शिक्षक रात्री वह्या घेऊन काय विचार करतो, ते बाकावरून दिसत नाही. रेवाने नेमकी दुसरी बाजू पाहिली होती. लहानपणी आई वह्या तपासताना मधेच हसायची आणि बाबांना वाचून दाखवायची, "हे बघा, काय डोकं चालवलंय पोट्ट्याने." हे तिने मला तब्बल दोन वर्षांनी सांगितलं, तेही विषय निघाला म्हणून.

आईचं राजी होणं हे मी घडवलेलं नाही. ऑगस्टमध्ये रेवाने ती वही आईला वाचायला दिली. आईने ३१२ च्या नोंदीखाली पेन्सिलने लिहिलं: 'दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या दे. बारा काड्या सुट्या राहू देऊ नको.' दुसऱ्या दिवशी म्हणाली, शिकव, पण दोन अटी. नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय कुठे पाय ठेवायचा नाही, आणि बँकेत आलेल्या रकमेपेक्षा जास्त आकड्यासमोर सही करायची नाही.

२०२२ च्या शेवटी रेवाने बी.एड.ला प्रवेश घेतला. लॅबमध्ये शनिवार-रविवारचं काम ठेवलं.

मध्येच आलेलं वळण

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठी पात्रता ठरू शकत नाही. लहान मुलांना शिकवायला डी.एल.एड.चंच प्रशिक्षण हवं. निकालामागचा तर्क मला, खरं सांगायचं तर, बरोबर वाटतो. सहा वर्षांच्या मुलाला अंक शिकवणं आणि चौदा वर्षांच्या मुलाला बीजगणित शिकवणं ही वेगळी कामं आहेत. पण माझ्यासमोर एक मुलगी बसली होती जिला मी उलटं सांगितलं होतं.

तिने भांडण केलं नाही. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाली, "सॅम्पल खराब आहे हे माहीत असून रिपोर्ट दिला तर आमच्याकडे नोकरी जाते."

पर्याय पुन्हा मांडले. बी.एड. सोडून डी.एल.एड.ला जायचं, म्हणजे एक वर्ष आणि फी पाण्यात. बी.एड. पूर्ण करून वर पुन्हा डी.एल.एड. करायचं, म्हणजे आणखी दोन वर्षं निम्म्या पगारावर. भावाचं शिक्षण अजून बाकी होतं. किंवा सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानाकडे वळायचं. या वेळी मी कोणत्याच बाजूने बोलले नाही. एवढंच सुचवलं की सोळा आठवड्यांची इंटर्नशिप समोर आहे, सहावीचा वर्ग मागून घे आणि मग ठरव.

सहावीत दशांश अपूर्णांक चालू होते. तिने पहिल्याच तासाला फळ्यावर ०.८ आणि ०.१२ लिहून मोठी कोणती ते विचारलं. निम्म्याहून जास्त हात ०.१२ ला. कारण विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "बारा आठाहून मोठे राहतात." दुसऱ्या दिवशी रेवाने लॅबमधून एक मिलिलीटरच्या नव्या सिरिंज आणल्या, सुया काढून, आणि लाल शाईचं पाणी. एकीत ०.८ पर्यंत ओढायला सांगितलं, दुसरीत ०.१२ पर्यंत. सिरिंजवर शंभर बारीक रेघा असतात. मुलं मोजत मोजत बाराव्या रेघेवर थांबली आणि शेजारच्याच्या ऐंशीव्या रेघेकडे बघत राहिली. मी वर्गाच्या मागे निरीक्षणाला बसले होते. हातातल्या फॉर्मवर 'शैक्षणिक साधनांचा वापर' या रकान्यात गुण द्यायचे होते, तेवढं विसरले.

तास संपल्यावर ती म्हणाली, तिसरीच हवी असं मला का वाटत होतं कोण जाणे. पहिली भेटली ती मुलगी तिसरीत होती, एवढंच.

आज वेगळं काय केलं असतं

पहिलं म्हणजे, सल्ला देताना कोणत्या नियमावर उभी आहे आणि तो नियम न्यायालयात लोंबकळतोय का, हे कागदावर लिहून दिलं असतं. शिक्षक भरतीत टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग नेमणुकांचं पवित्र पोर्टल, सगळ्याचे नियम दर दोन-चार वर्षांनी हलतात. ज्याला आयुष्याची दोन वर्षं लावायची आहेत त्याला 'सध्या चालतं' हे उत्तर पुरत नाही.

सहा आठवड्यांच्या पाहणीत तिला फक्त तिसरी-चौथीचाच वर्ग दाखवला, हेही चुकलं. तीन आठवडे तिसरी आणि तीन आठवडे सहावी असं केलं असतं, तर जे दोन वर्षांनी उमगलं ते त्याच उन्हाळ्यानंतर कळलं असतं, आणि निकालाचा धक्काही निम्मा झाला असता.

आईला मी भेटलेच नाही. तिला 'घरचा विरोध' या खणात टाकून मोकळी झाले. खरं तर या व्यवसायाचं पूर्ण गणित, वर्गातलं आणि पगारपत्रकावरचं, त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं. तिच्या दोन अटी मी आता माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगते, कोणाच्या आहेत ते न सांगता.

नोकरी न सोडता पाहणी करणं मात्र पुन्हा तसंच करीन. दुसऱ्या आठवड्यात तिने हात टेकले, तेव्हा परत जायला लॅब होती, म्हणून पुन्हा वर्गात जाणं ही तिची निवड होती, नाइलाज नव्हता. मागे दोर कापून आलेले मी पाहिले आहेत. ते टिकतात, पण दमून टिकतात.

मला अजून ठरवता आलेलं नाही ते वेगळंच. ती डी.एल.एड.ला गेली असती तर? प्राथमिकला दशकाच्या जुड्या बांधणारी अशी बाई मिळणं जास्त गरजेचं होतं, असं मला वाटतं. तिला हे मी एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, आता उशीर झाला मॅडम, तुम्ही दुसरी शोधा.

निष्पत्ती

२०२४ मध्ये बी.एड. झालं. नोव्हेंबर २०२४ च्या टीईटीत दुसरा पेपर, गणित-विज्ञान, पहिल्या फटक्यात निघाला. १५० पैकी ९० लागतात. तिला ९४ मिळाले. २०२५ च्या उन्हाळ्यात २०० गुणांची अभियोग्यता चाचणी दिली. पवित्र पोर्टलवरून बोलावणं येईल तेव्हा येईल. त्या वाटेवर बसलेल्यांची गर्दी मोठी आहे.

तोवर ती एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. त्याआधी एका शाळेने पत्र नंतर देऊ म्हटलं, तिथून ती चहा न पिता उठली. या शाळेत पत्र मिळालं आणि पगार बँकेत येतो, पण आकडा लॅबपेक्षा कमीच आहे. म्हणून रविवारी सकाळी अजून धंतोलीत रक्त काढते. मावशींची मुलगी आता सातवीत आहे. गणित तिला आवडत नाही, चित्रकला आवडते.

आईचे डबे चालू आहेत. रात्री जेवण झालं की दोघी वह्या घेऊन बसतात. बऱ्यावाईटाचा शेरा आई देते, कारण शोधते रेवा, आणि दोघींचं पटत नाही.

चुकांची वही तिने सोडलेली नाही. आता चौथी चालू आहे. मागच्या महिन्यात आली तेव्हा मी शेवटचं पान उघडून पाहिलं. साडेतीन लिटर दूध दशांशात लिहायला सांगितलं होतं. नोंद अशी होती: '६ ब, खिडकीजवळचा. ३.३० लिटर लिहिलं. घड्याळातले साडेतीन? उद्या त्याला विचारायचं.'